सातवं निसर्गचित्र: डोंगर अखेर मागे सरकले

तैलरंगातलं सातवं चित्र काल संध्याकाळी थांबवलं. कॅनव्हास 12 बाय 16 इंचांचा, बैठका तीन. विषय मुद्दाम तोच ठेवला आहे: पुढे गवताळ माळ, मधे झाडांची रांग, मागे डोंगरांच्या दोन ओळी, वर ढगाळ आकाश. आधीच्या सहाही चित्रांत मागचे डोंगर झाडांच्या पाठीला चिकटलेले दिसायचे. या वेळी ते पहिल्यांदा लांब गेले, आणि खोलीच्या दारातूनही ते अंतर जाणवतंय. फार आनंद झाला.

इतके दिवस मी रंगाच्या मागे लागलो होतो. लांबचे डोंगर निळसर दिसतात, म्हणून दर वेळी निळा वाढवत गेलो. पण तो निळा झाडांच्या हिरव्याइतकाच गडद होता. डोळे बारीक करून पाहिलं की दोन्ही एकमेकांत मिसळून जायचे. आपल्या आणि डोंगराच्या मधे जी हवा असते ती गडद भागांवर उजेडाचा पातळ पडदा धरते. त्यामुळे लांबची सावली आधी उजळ होते, मग निळी दिसते. आता आधी व्हॅल्यू, म्हणजे उजळ-गडदपणा ठरवतो, रंगछटा नंतर.

म्हणून या वेळी ब्रश हातात घेण्याआधी पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या सुरीने, रंगांचे चार ढीग कालवले. आकाशाचा सर्वांत उजळ. सपाट जमिनीवर आकाशाचा उजेड थेट पडतो, म्हणून तिचा त्याखालोखाल. डोंगराच्या उताराचा मधला. झाडं उभी असतात, त्यांच्या अंगावर वरचा उजेड सर्वांत कमी येतो, म्हणून त्यांचा सर्वांत गडद. ढगाळ दिवसाला हा क्रम छान लागू पडतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो बदलतो, तेव्हा डोळ्यांवरच विश्वास ठेवायचा. चारही ढिगांचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला. झाडं आणि डोंगर वेगळे दिसले नाहीत, तेव्हा डोंगराच्या ढिगात आणखी पांढरा घातला. या तयारीत पाऊण तास गेला, पण नंतर कॅनव्हासवर एकदाही खोडाखोड करावी लागली नाही.

सर्वांत मागच्या डोंगराचा रंग असा जमला: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) कालवून आधी राखाडी केला, त्यात भरपूर टायटॅनियम व्हाइट आणि शेवटी टाचणीच्या डोक्याएवढा यलो ऑकर (मातकट पिवळा). सुरीच्या टोकावर थोडा घेऊन, एक डोळा मिटून, समोरच्या डोंगरावर धरला. सुरीवरचा रंग जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा थांबलो. पुढच्या ओळीसाठी त्याच ढिगात थोडा निळा आणि सिएना वाढवला. एकाच ढिगातून पुढे आल्यामुळे दोन्ही ओळींचं नातं टिकलं.

ट्यूबमधला तयार हिरवा पूर्ण बंद केलाय. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरचा हिरवा शांत असतो, लेमन यलो घेतला तर कोवळा. आयव्हरी ब्लॅकमध्ये कॅडमियम यलो घातला की फार सुंदर मेहंदी रंग मिळतो. सावलीतल्या झाडांना तोच वापरलाय. हिरवा भडक वाटला की बर्न्ट सिएनाचा एक कण घाला, लगेच निवतो. थॅलो नावाचे तीव्र निळे-हिरवे रंग मात्र जपून वापरा, कणभरात सगळा ढीग रंगतो.

झाडांमध्ये एक नवी गोष्ट शिकलो. पानांच्या फटींतून दिसणारं आकाश मी नेहमी वरच्या आकाशाच्याच रंगाने टिपायचो आणि ते ठिपके पुढे उडी मारायचे. फट जितकी लहान, तितकं तिच्यातलं आकाश मंद दिसतं. आकाशाच्या रंगात किंचित राखाडी मिसळून कडा मऊ ठेवल्या आणि ठिपके जागेवर बसले.

पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद भासतो. त्यामुळे जेसोवर, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तरावर, बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीने पुसला आणि चांगला वाळू दिला. झाडांच्या कडांपाशी तो अजून डोकावतोय, तो तसाच ठेवलाय.

थरांबद्दल मनापासून सांगतो. माझ्या दुसऱ्या चित्राला आता बारीक तडे गेलेत. खाली जवसाचं तेल घातलेला जाड पांढरा होता, वर टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. वरचा थर कडक झाला, खालचा अजून हलत होता, आणि वरचा फाटला. आता पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, आणि वरच्या प्रत्येक थरात तेल आधीच्यापेक्षा थोडं जास्त. ब्रश दोनच, डुकराच्या राठ केसांचे: एक रुंद चपटा, एक फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा.

टर्पेंटाइनची वाफ बाहेर जावी म्हणून खिडकी उघडी ठेवाच. आणि तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती आत कोंडली तर चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मी त्या एकेक पसरून बाहेर वाळवतो आणि मगच टाकतो.

पुढचं गवत मात्र अजून जमलेलं नाही. सगळ्या पात्या सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच धारदार झाल्यात, त्यामुळे नजर तिथेच अडते. रंग अजून ओला आहे. उद्या सकाळी तेवढा पट्टा सुरीने खरवडणार, चपट्या ब्रशने तिथे दोन सपाट छटा टाकणार आणि पात्या फक्त उजव्या कोपऱ्यात चार-पाच काढणार.