चैतातली जत्रा आणि आमचे हवालदार आबा

जत्रेची मिटिंग पाडव्याच्या आधी देवळात व्हायची आणि वर्गणीचं पावतीपुस्तक सगळ्यात आधी आबांच्या पुढ्यात यायचं. ते दरवर्षी दोन पावत्या फाडायचे, एक स्वतःच्या नावाची आणि दुसरी नुसती 'जंगी पलटण' म्हणून. लहानपणी मला वाटायचं जंगी पलटण हे शेजारच्या वाडीतलं कुठलंतरी मंडळ असणार. कुणी विचारायचं नाही आणि आबा सांगायचे नाहीत.

आमचं गाव खटाव तालुक्यात, पाऊस बेताचा, त्यामुळे घरटी एकजण मिलिटरीत नाहीतर मुंबईला माथाडीत. वर्षभर गावात म्हातारीकोतारी आणि पोरं, पण चैतात भैरोबाची जत्रा आली की पहाटेपासून यष्ट्या भरून मुंबईकर उतरायचे, सुट्टी काढून फौजी यायचे, ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा निवद, रात्री छबिना, गुलाल एवढा की दुसऱ्या दिवशी कानातनं सुद्धा निघायचा. मग तिखटाचा दिवस, दुपारी कुस्त्यांचा आखाडा (मी नारळावरची कुस्ती एकदाच जिंकलोय, तो नारळ आजीनं देवाऱ्यात ठेवलेला) आणि सगळ्यात शेवटी माळावर छकड्यांचं मैदान, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती. माझ्यासाठी जत्रा म्हणजे ते मैदान आणि मैदान म्हणजे आबा.

आबा १९६३ ला भरती झाले. चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, भरती जोरात होती. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग आणि मग पहिली मराठा, म्हणजेच जंगी पलटण. १९७९ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले, आणि त्या डिसेंबरात आजीला घराला कौलं घालायची होती तर हे चालत पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गेले आणि बैलबाजारातनं एक खिलार खोंड घेऊन आले. येताना पण चालतच, खोंडाला दमवायचा नाही म्हणून मध्ये एक मुक्काम करून. आजी दोन दिवस बोलली नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी तिनंच त्याला भाकरी चारली.

त्या खोंडापासून पुढं जवळजवळ पंचवीस वर्षं आबा छकडा हाकायचे. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना सांगतो, छकडा म्हणजे नुसता सांगाडा असतो, दोन चाकं, जू आणि बसायला धड जागा पण नाही, ड्रायव्हर जवळपास वाकून लोंबकळतच असतो आणि पुढं दोन खिलार अशी सुटतात की डोळ्याची पापणी लवायच्या आत अर्धं मैदान मागं पडलेलं असतं. प्रत्येक गाडीला आपली आपली चाकोरी, ती सोडली की बाद. आधी गट, मग सेमी, मग फायनल. दोनदा आबा पडले, एकदा खांदा निखळला तो शेवटपर्यंत थंडीत दुखायचा.

पण त्यांच्या हातात चाबूक कधी नसायचा आणि हे मी घरातला म्हणून सांगत नाही, जुनी माणसं अजून सांगतात. ते बैलाशी बोलायचे. सकाळी पेंड चारताना, पाठीवरनं हात फिरवताना, विहिरीवर नेताना सारखं बोलणं चालू. एकदा एका पोरानं आमच्या बैलाच्या शेपटीला हात घातला तर आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मारून पळवायचं आसंल तर बैल कशाला, तूच पळ की." पोरगं रडकुंडीला आलं. संध्याकाळी त्यालाच घरी जेवायला घेऊन आले आणि गोठ्यात नेऊन बैलाला चारा घालायला लावला. तो आता चाळिशीचा आहे, त्याच्या दावणीला तीन बैल आहेत आणि त्यातल्या एकालाही काठी लागलेली मी बघितली नाही.

युद्धाचं मात्र ते फार बोलायचे नाहीत. छबिन्याच्या रात्री पालखी वेशीपर्यंत जाऊन यायला पहाट व्हायची, तेव्हा सुट्टीवर आलेले फौजी आणि जुने पेन्शनर देवळाच्या पायरीवर बसायचे आणि मध्ये कधीतरी कुणीतरी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की' म्हटलं की सगळी म्हातारी एका दमात 'जय' म्हणायची. अशाच एका रात्री, २०१६ ची जत्रा होती, मी आबांच्या शेजारी बसलेलो आणि ते आपणहून जामलपूरचं, म्हणजे आत्ताच्या बांगलादेशातल्या लढाईचं, बोलायला लागले. १९७१ चा डिसेंबर. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जामलपूरच्या मागच्या अंगाला जाऊन बसलेली. तिथले शेतकरी सामान वाहायला बैलगाड्या घेऊन यायचे आणि आबा म्हणाले बैल एवढे बारके की आपल्या खिलाराच्या पोटाखालनं जातील, पण चिखलात काय ओढायचे. मग आपल्या ब्रिगेडियर क्लेरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर पाकिस्तानी कर्नलनं उत्तराबरोबर बंदुकीची गोळी पाठवली, ती गोष्ट पलटणीत हातोहात पसरली. आणि १० तारखेच्या रात्री ते लोक आमच्याच अंगावर चालून आले, वेढा फोडून निघायला. पहाटेपर्यंत चाललं. ११ ला जामलपूर पडलं.

एवढं सांगून आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, माझा एक जोडीदार होता पाटणकडचा, बेळगावपासनं आमच्या खाटा शेजारी. १९७० ला माझ्याबरोबर सुट्टीवर आपल्या जत्रेला आलेला. पुरणपोळ्या खाल्ल्या, छबिन्यात नाचला, मैदान बघून येडा झाला, आणि जाताना म्हणाला, पुढल्या जत्रेला माझी पण पावती फाड, मी वर्गणी देणार. ७१ च्या जत्रेला दोघांनाही सुट्टी मिळाली नाही. आणि त्या रात्री तो गेला.

"नाव न्हाई लिवत मी. नाव लिवलं की कालवतंय पोटात. पलटण लिवली की त्यो त्यात आलाच."

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. मी नुसता त्यांचा दुखरा खांदा दाबत बसलो.

त्याच वर्षांत मैदान बंद होतं. आधीपासून कधी बंदी कधी परवानगी असं चालूच होतं, पण ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा शर्यतींवर बंदीचा निकाल आला आणि २०१५ च्या जत्रेला माळ पहिल्यांदा मोकळा राहिला. मला आबांचं त्या बाबतीतलं वागणं फार मोठं वाटतं. ते कोर्टाला बोल लावायचे नाहीत, उलट म्हणायचे लोकांनी बैलांना मारलं, शॉक दिले, आपल्याच हातानं आपण घालवलं. पण मैदानाच्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या पाखऱ्याला धुतला, शिंगांना गोंडे बांधले, झूल घातली आणि कासरा धरून त्याला माळावर पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेला. पळवला नाही, नुसता चालवला. पुढच्या वर्षी सात-आठ जण आपापले बैल घेऊन मागं चालायला लागले आणि मग हलगीवाले पण यायला लागले, शेवटी शेवटी पन्नासभर बैल असायचे, पोरं शेजारनं पळायची, बायका बैलांना ओवाळायच्या. काही मुंबईकर फक्त ते बघायला थांबायचे. शर्यतीपेक्षा मला तेच जास्त आठवतं.

२०२० आणि २०२१ ला कोरोनामुळं जत्राच नाही. पुजाऱ्यानं एकट्यानं निवद दाखवला आणि आबांनी पावतीचे पैसे दुकानदाराच्या हाती पुजाऱ्याकडं पाठवले, दोन पावत्यांचे.

१६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली तेव्हा गावात फटाके वाजले. पुढच्या पाडव्याला कोरोनाचे निर्बंध पण उठले आणि ती जत्रा म्हणजे, काय सांगू, तीन जत्रांची माणसं एका जत्रेत आलेली. डॉक्टरचे दाखले, कलेक्टरची परवानगी, काठी-चाबूक पूर्ण बंद, सगळं रीतसर. मंडळानं पहिल्या गटाला झेंडा टाकायचा मान आबांना दिला. अठ्ठ्याहत्तरी झालेली, तरी इस्त्रीचा सदरा, छातीवर मेडलं, हात जराही हलला नाही. झेंडा टाकला आणि गाड्या सुटल्या तर हे गाड्यांकडं बघतच नव्हते, कडेला बांधलेल्या म्हाताऱ्या पाखऱ्याकडं बघत होते. तो कान टवकारून उभा होता.

त्या श्रावणात आबा गेले. झोपेतच.

२०२३ च्या मिटिंगला मी मुद्दाम पुण्याहून गेलो. मंडळाचा सेक्रेटरी नवीन पोरगा, मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून एक एक नाव वाचत होता. आबांच्या नावापाशी थांबला, मग खालची ओळ वाचून माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, हे जंगी पलटण कोण? ठेवायचं का काढायचं?"

मी पुस्तक माझ्याकडं ओढलं आणि तीन पावत्या फाडल्या.