नाक उडालं तर?

मी काळ्या पाषाणात मूर्ती घडवतो असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मूर्ती पुरी होत आली आणि नेमकं नाकच उडालं, तर हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी असते, पण थोडी उत्सुकताही असते. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नाक शेवटी घडवत नाहीत. नाकाचा शेंडा हा चेहऱ्यातला सगळ्यात पुढे आलेला बिंदू, म्हणून चेहऱ्यावर पहिली खूण त्याचीच पडते. दगडात भर घालता येत नाही, त्यामुळे डोळ्यांच्या खाचा, गाल, ओठ ही सगळी मापं तिथून मागे मागे मोजत जायची. नाकावर भरपूर माया, म्हणजे जादा दगड, ठेवायची आणि आजूबाजूचं काम उरकत येईल तशी ती थोडीथोडी उतरवायची. टाकीचा रोख नेहमी दगडाच्या आतल्या बाजूला हवा. कडेच्या बाहेर रोख गेला की कपची उडालीच. टाकी अगदी उभी धरून घाव घातला तर वेगळंच दुखणं. वर काही दिसत नाही, पण आत दगड चुरडतो आणि पॉलिशच्या वेळी तिथे पांढरा ठिपका उमटतो. तो कितीही घासा, जात नाही. शेवटच्या टप्प्यात नाकावर हातोडा पडतच नाही, नुसतं घासकाम चालतं.

पण खरं सांगायचं तर नाक राहणार की जाणार, याचा निम्मा निकाल दगड निवडतानाच लागलेला असतो. आपला सह्याद्रीचा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत गारगोट्या भरल्या. गालावरून टाकी मजेत चालली असताना मधेच अशी गारगोटी लागली की टाकी उसळते आणि तिची धारही मरते. म्हणून घट्ट, एकजीव दगड शोधावा लागतो. सुरुंगाने फोडलेला मी घेत नाही, कारण त्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. पाचरी ठोकून सुटा केलेला बरा. हातोडीने वाजवून पाहायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर नमस्कार करून पुढे जायचं. एक घनफूट दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे चुकीचा दगड शेडवर आणणं खिशालाही परवडत नाही आणि कमरेलाही.

उरलेला निम्मा निकाल मूर्तीच्या ठेवणीत असतो. दगडावर कितीही भार टाका, तो सोसतो. पण ताण आला की मोडतो, कारण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या मानाने दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असते. चोळांच्या काळातल्या नटराजाचा उचललेला पाय आणि फेकलेला हात हवेत मोकळे राहतात, ते धातूच्या जिवावर. बदामीच्या पहिल्या लेण्यात सहाव्या शतकातल्या कारागिरांनी शिवाला अठरा हात देऊन नाचवला, पण ते हात मागच्या खडकाला धरून आहेत. श्रवणबेळगोळचा सत्तावन्न फुटी गोमटेश्वर पाहा. मांडीपर्यंत वारूळ, हातापायांवर चढलेल्या वेली. भाविकाला त्यात तपश्चर्या दिसते. ती आहेच, पण मला आधी आधार दिसतो. आणि आपला विठोबा! पाय जुळलेले, हात कटेवर, काहीही लोंबत नाही की पुढे आलेलं नाही. दगडात घडवायला याहून शहाणी ठेवण मला माहीत नाही. हल्ली गिऱ्हाईक मोबाईलवर एखादं कॅलेंडरछाप चित्र दाखवतं. वाऱ्यावर उडणारा शेला, सुटी बोटं, अधांतरी बासरी, आणि "अगदी अस्संच हवं." शेला मी प्रभावळीला टेकवतो, बासरीमागे दगड राखतो. त्यावर वाद होतात. होऊ देत.

तरीही उडालंच तर? बागेतला पुतळा असेल तर एपॉक्सी लावून जोडता येतो. गिऱ्हाइकाला तसं सांगून, हवी तर किंमत कमी करून द्यावा. पूजेच्या मूर्तीला मात्र ही सोय नाही. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याने ती गुपचूप जोडून विकणं म्हणजे सरळ फसवणूक. चेहऱ्यावर पुरेशी माया शिल्लक असेल तर सगळा चेहरा काही सूत मागे नेऊन नव्याने बसवता येतो. ते जमत नसेल तर त्या दगडातून दुसरं, लहान काहीतरी काढायचं आणि मूर्तीसाठी नवा दगड शोधायचा. दगडाच्या भुकटीत एपॉक्सी कालवून खळगे भरणारेही बाजारात आहेत. वर तेलाचा हात फिरवला की काळ्या मूर्तीवर काहीच कळत नाही.

म्हणून मूर्ती ठरवायला जाल तेव्हा तेल लावायच्या आधी जा आणि तांब्याभर पाणी मागून घ्या. मूर्ती नखशिखांत भिजवा आणि वाळेपर्यंत तिथेच बसा. बाकी अंग सुकल्यावरही एखादी काळी रेघ ओली राहिली तर ती चीर. भरलेली जागा पाणी पीत नाही, तिचा रंग वेगळा पडतो. नाक, बोटं, कानाच्या पाळ्या आणि प्रभावळीची कड एवढं नीट बघा. विकणारा घाई करायला लागला तर अजून एक तांब्या ओता.