जळालेला बोर्ड आणि दोन चिप

खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अमळनेरच्या आमच्या घरी वीज दोनदा गेली आणि आली. त्यानंतर संगणकातून जळका वास येऊ लागला. पॉवर सप्लाय स्वतः तर गेलाच, पण जाताना १ टीबी हायब्रिड हार्ड डिस्कचा सर्किट बोर्डही घेऊन गेला. मावशीने आणि तिच्या सोबतिणींनी सहा वर्षे म्हटलेली कानबाईची अहिराणी गाणी त्याच डिस्कवर होती आणि दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती.

हायब्रिड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्यांसोबत थोडी फ्लॅश मेमरी असते. २०१० साली आलेल्या सीगेटच्या मोमेंटस एक्सटी या हायब्रिड डिस्कमध्ये ५०० जीबीच्या जोडीला ती ४ जीबी होती, तर माझ्या डिस्कमध्ये ८ जीबी. ही मेमरी बोर्डावरच बसवलेली असते, याकडे तोवर माझे लक्ष गेले नव्हते.

स्टार स्क्रू काढून बोर्ड उलटा केला, तेव्हा मोटर चालवणाऱ्या चिपजवळ तपकिरी डाग दिसला. १२ व्होल्टच्या वाटेवरचा संरक्षक डायोड मल्टिमीटरवर शॉर्ट दाखवत होता. विजेच्या जादा दाबाचा घाव स्वतःवर घेणे हेच त्याचे काम असते आणि पुष्कळदा तो काढून टाकला, की चांगल्या पॉवर सप्लायवर डिस्क निदान माहिती उतरवण्यापुरती चालते. मी तो काढला. मोटर हलली नाही.

मग जळगावात त्याच मॉडेलची, बोर्डावर तोच क्रमांक छापलेली जुनी डिस्क मिळाली. तिचा बोर्ड लावल्यावर तबकड्या फिरल्या, पण तबकडीवरची माहिती वाचणाऱ्या हेडचा टकटक आवाज सुरू झाला आणि मी घाबरून वीज तोडली. कारण साधे होते : प्रत्येक डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात ठरवलेली मापे बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये साठवलेली असतात आणि ती दुसऱ्या डिस्कला लागू पडत नाहीत.

ती चिप बदलून घेण्यासाठी मी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने जुना बोर्ड भिंगाखाली धरला आणि विचारले, "भाऊ, ही मोठी चिप कोणाची?" तीच फ्लॅश मेमरी होती. नुकतेच लिहिलेले काही तबकडीवर न उतरता तिच्यातच राहिले असण्याची शक्यता होती, म्हणून दोन्ही चिप नेण्याचे ठरले. आजूबाजूच्या भागांवर उष्णता सोसणारी पट्टी चिकटवून त्याने गरम हवा सोडली, सोल्डर चकाकताच चिमट्याने रॉम उचलली आणि नव्या जागी ठेवताना तिच्यावरचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळतो की नाही, हे दोनदा पाहिले. फ्लॅशला बराच अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात मी तीन चहा घेतले.

घरी येऊन बोर्ड हेडशी जोडणाऱ्या, काळवंडलेल्या धातूच्या टिकल्या खोडरबराने हलकेच पुसल्या आणि बोर्ड बसवला. डिस्क आपल्या नावासह आणि पूर्ण क्षमतेसह दिसली. तरीही एकही फाइल न उघडता मी आधी संपूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर उतरवली, आणि ऐकायला बसलो तो त्या प्रतीवरूनच. शेवटच्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रणही पूर्ण वाजले. ते तबकडीवरून आले की फ्लॅशमधून, हे मला सांगता येणार नाही.

रात्री मावशीचा फोन आला, "गाना सापडनात का रे भाऊ?" मी तिला तिचेच गाणे ऐकवले, तर दुसरे कडवे चुकले आहे, ते पुन्हा घ्यावे लागेल, असे तिचे म्हणणे पडले.