हर-टूचा रिपोर्ट बिघडतो कुठे?

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर आधी स्टेजवर जाते. माझ्या मते हर-टूची (HER2) ओळही तितक्याच बारकाईने वाचायला हवी.

हर-टू हा पेशीच्या आवरणातला रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप आत पोचवणारं प्रथिन. त्याच्या भाईबंदांना, म्हणजे ईजीएफआर वगैरेंना, जागं करायला बाहेरून ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप आणणारा रेणू, येऊन चिकटावा लागतो. हर-टूला चिकटणारा ग्रोथ फॅक्टर सापडलेलाच नाही. हर-टू कायम दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवायच्या तयारीत असतो. निरोगी पेशीत १७व्या गुणसूत्रांवर हर-टू बनवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, म्हणून निभावतं. प्रती वाढल्या की आवरणावर रिसेप्टरांची एवढी दाटी होते की निरोप नसतानाही त्यांच्या जोड्या जुळतात, विशेषतः हर-थ्रीबरोबर. मग आतले दोन मार्ग चालूच राहतात: रास-मॅप कायनेज पेशीला विभागायला लावतो, पीआय-थ्री कायनेज-एकेटी तिला मरू देत नाही.

प्रती वाढलेल्या रुग्णांत रोग लवकर उलटतो, हे अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लॅमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं. १९९८ मध्ये हर-टूला रोखणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते कुणाला द्यायचं हे चाचणी ठरवते, आणि चाचणी अनेकदा नमुना प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडते.

काढलेली गाठ तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, तीही चिरून. फॉर्मॅलिन तासाला साधारण १ मिलिमीटरच आत शिरतं. अख्खा स्तन तसाच बुडवला तर मधली गाठ खराब होत राहते. फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट हवं, आणि नमुना त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. सलाईनमध्ये पाठवलेला नमुना तर टिकतच नाही. अशा ऊतीत हर-टू दाखवणारा चाचणीचा रंग नीट चढत नाही, आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसू शकते. हाडातला नमुना ॲसिडने मऊ केला तर डीएनए तुटतो, आणि जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी फसते. तिथे हाड मऊ करायला ॲसिडऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावं.

रंग किती चढला याला गुण देतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ हा निकालच नव्हे; त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या नमुन्यावर, फिश करायची. जनुक आणि सेंट्रोमिअर (त्याच गुणसूत्राचा कंबरेचा भाग) यांच्या संख्येचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि पेशीमागे सरासरी ४ किंवा अधिक प्रती असतील तर पॉझिटिव्ह. फिशविना नुसत्या २+ वर औषध सुरू करणंही चूक, सोडून देणंही चूक.

रोग उलटला तर शक्य तिथे नव्या जागेची बायोप्सी करून हर-टू पुन्हा तपासा. तो बदललेला असू शकतो.