सेटपॉईंट (एसीला लावून दिलेलं टेंपरेचर) खाली करून काही होत नाही हो

डेटा सेंटर म्हटलं की लोकांना वाटतं आत स्वेटर लागणार. रॅकच्या (सर्व्हर ठेवायच्या कपाटांच्या) पुढच्या गार हवेच्या गल्लीत, म्हणजे कोल्ड आईलमध्ये ठीक आहे, पण मागच्या हॉट आईलमध्ये जाऊन उभे राहा, थोड्या वेळात शर्ट पाठीला चिकटतो, आणि ते तसंच पाहिजे. मागेही गार लागत असेल तर गार हवा सर्व्हरमधून न जाताच परत चाललीये, म्हणजे वीजबिल फुकट.

मी कूलिंगच्या बाजूला काम करतो आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "वरचा सर्व्हर अलार्म देतोय, टेंपरेचर दोन डिग्री कमी करा ना". अहो, अ‍ॅश्रेची (अमेरिकेतली एसीवाल्या इंजिनियर लोकांची संस्था) शिफारसच 18 ते 27 डिग्री आहे आणि तीही सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेची, खोलीची नाही. रॅकसमोर खाली, मध्ये आणि वर रीडिंग घ्या, खाली 20 आणि वर 31 असलं काहीतरी दिसलं की रोग कळला.

कुणीतरी जुना सर्व्हर काढून नेलेला असतो आणि तिथली साडेचार सेंटीमीटरची फट तशीच उघडी. शेजारच्या सर्व्हरचे पंखे पुढून हवा ओढतच असतात, त्यांना गार-गरम काय कळणार, मागची 40 डिग्रीची हवा त्या फटीतून फिरून पुढे येते आणि तोच सर्व्हर ती परत पितो. हात धरला तरी झोत लागतो. त्याला इलाज म्हणजे ब्लँकिंग पॅनल, प्लॅस्टिकची पट्टी, खट्कन बसते, स्क्रू पण नको. फॉल्स फ्लोअरला (खालून गार हवा सोडतात ती उचललेली जमीन) केबलसाठी पाडलेली भोकं हा असाच दुसरा चोर. पण पट्टीला मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही आणि नवीन क्रॅक युनिटचं (सर्व्हर रूमच्या मोठ्या एसीचं) प्रेझेंटेशन मात्र लगेच पास!

फटी बुजवल्या, आईलला दारं आणि छत लावलं की मग एसीचे पंखे हळू करता येतात, आणि खरी मजा इथे आहे, कारण पंख्याची वीज स्पीडच्या घनात बदलते, स्पीड 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी. सेटपॉईंट तर उलट वर नेता येतो, चिलरचं (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या मशीनचं) काम कमी होतं आणि बाहेरची हवा पुरेशी गार असेल तेव्हा तो बंदच ठेवता येतो.

हवा उलटी फिरली की काय होतं त्याचं भारी उदाहरण फेसबुकच्या अमेरिकेतल्या प्राइनव्हिल डेटा सेंटरचं. 2011 मध्ये तिथे कंट्रोल सिस्टीम गडबडली, गरम हवा परत हवा गार करणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यातून जात राहिली, आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर गेली आणि सर्व्हरवर पाणी जमून काही पॉवर सप्लाय उडाले. अक्षरशः आत ढग!

पाण्याचा हिशोबही लोक विसरतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 0.67 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता जाते, म्हणजे 1 मेगावॉटची सगळी उष्णता अशी घालवायची तर तासाला दीड हजार लिटर हवेत गेलं, शिवाय क्षार साठू नयेत म्हणून कूलिंग टॉवरमधून काढून टाकावं लागतं ते वेगळंच.

आता एआयवाले रॅक आलेत, एनव्हिडियाचा 72 जीपीयूवाला (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) एकटाच 120 किलोवॉटच्या आसपास खातो. हवेने थंड करायचा म्हटला तर आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतल्या 12 डिग्रीच्या फरकाने सेकंदाला 8 घनमीटरच्या वर हवा एका कपाटातून न्यावी लागेल, तोंडाशी ताशी 25 किलोमीटरचं वारं, बसा आता केबल सांभाळत. तेच पाणी असेल तर 10 डिग्रीच्या फरकाने सेकंदाला 3 लिटर पुरतं, म्हणून चिपवर कोल्ड प्लेट (आतून पाणी फिरणारी धातूची पट्टी) आणि पाइप. गळतीची भीती सगळ्यांना वाटते, मला जास्त भीती पंप थांबण्याची वाटते. हवेवर चालणाऱ्या हॉलमध्ये कूलिंग गेलं तर डीजी (डिझेल जनरेटर) चालू व्हायला बऱ्याचदा काही मिनिटं हातात असायची, इथे सेकंदांत चिप तापते, त्यामुळे पंप यूपीएसवर टाकलेत का हे डिझाईन बघताना मी सगळ्यात आधी विचारतो.