स्पॅनिश हीथ नुसतं छाटून भागत नाही

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगरात किंवा टास्मानियात घर घेतलंत आणि जून-जुलैच्या थंडीत कुंपणाशी पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झुडूप दिसलं, तर फोटो खुशाल काढा, पण ते राखू नका. बहुधा ते स्पॅनिश हीथ, एरिका लुसिटानिका असतं. पोर्तुगाल-स्पेनकडून बागेच्या शोभेसाठी आलं आणि कुंपण ओलांडून रानात घुसलं. आपल्याकडे घाणेरीनं केलं तेच.

आधी ओळख पक्की करा. तिथलं देशी हीथ, एपॅक्रिस इम्प्रेसा, लांबून तसंच दिसतं आणि त्याचा गुलाबी प्रकार १९५८ पासून व्हिक्टोरिया राज्याचं राज्यफूल आहे. ते उपटलंत तर पंचाईत! पानांवरून बोट फिरवा. देशीचं टोक टोचतं, स्पॅनिशचं पान मऊ, सुईसारखं, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. शंका उरली तर फुलाचं तोंड बघा. स्पॅनिशला चार पाकळ्या, देशीला पाच, शिवाय देशीच्या फुलाच्या नळीच्या बुडाशी पाच खळगे असतात.

लहान रोपं पावसानंतर वाफसा असताना मुळासकट उपटावीत आणि माती पायानं दाबून टाकावी, कारण उकरलेल्या मोकळ्या जमिनीत याचं बी झपाट्यानं उगवतं. मोठं झुडूप जमिनीलगत आडवं कापा आणि काही सेकंदांत बुडख्यावर ब्रशनं ग्लायफोसेट हे तणनाशक लावा. चहा पिऊन येऊन लावलेलं औषध फुकट जातं. काप सुकला की ते आत शोषलं जात नाही. नुसतं छाटलं किंवा जाळलं तर बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात, आणि आगीनंतर रोपांचं पीक वेगळंच. फवारणीही फसते ती पानामुळे. बारीक, मेणचट पानावर थेंब टिकत नाही, म्हणून औषधात स्टिकर, म्हणजे थेंब पानाला चिकटवणारं द्रव्य, हवाच. प्रमाण लेबलवरचंच घ्या.

हे सगळं बी पडण्याआधी, म्हणजे फुलं सरता सरता उरकावं. एका मोठ्या झुडपाचं बी लाखांत मोजावं लागतं आणि ते असतं भुकटीइतकं बारीक. वाऱ्यानं तर जातंच, पण रस्त्याच्या कडेनं त्याला पसरवतात ते ग्रेडर (रस्ता सपाट करणारी यंत्रं) आणि गवत कापायची यंत्रं. म्हणून स्वच्छ रानाच्या बाजूनं सुरुवात करून दाट जाळीकडे सरकावं, आणि परतताना बूट, अवजारं तिथेच झटकून घ्यावीत. बोंडं धरलेल्या फांद्या पिशवीत बांधा, खताच्या खड्ड्यात नको. पुढची काही वर्षं दर हिवाळ्यात तीच जागा पुन्हा फिरून बघावी लागते. फुलोऱ्यात ते लांबूनही सापडतं.