मावशींची वही

सकाळी सहाच्या सुमारास जिना उतरत होते. सफाईच्या मावशींच्या सुपलीत काहीतरी निळं चमकलं म्हणून थांबले. खंड्या होता. लाल चोच, पांढरा गळा, डोळे अर्धवट मिटलेले. हातात घेतला तर अंग अजून गरम, मान मात्र लोंबत होती.

"असं नेहमी होतं का हो, मावशी?"

"होतं की. या काचेखालीच सापडतात. तुम्ही उठायच्या आत मी उचलून टाकते."

सात वर्षं मी या इमारतीत राहते. पक्षी बघायला दुर्बीण गळ्यात अडकवून लांब लांब जाते. आणि माझ्याच जिन्याखाली काय घडतं ते मला ठाऊक नव्हतं, कारण माझ्या आधी तिथून झाडू फिरलेला असायचा. मावशींनी नाही उचललं तर मांजर उचलतं. जिन्याची काच तीन मजली आहे. तिच्यात समोरची झाडं आणि आभाळ जसंच्या तसं दिसतं. पक्ष्याला ते खरंच वाटतं आणि तो पूर्ण वेगात तिकडे झेपावतो.

त्या दिवशी मी मावशींना एक वही दिली. त्यांनी तारीख टाकायची, रंग लिहायचा आणि कुठल्या काचेखाली सापडला ते लिहायचं. पक्ष्याचं नाव मी संध्याकाळी शोधायचं. दोन महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. 'हिरवा, कपाळ लाल' म्हणजे तांबट. एका ओळीत नुसतं 'पिल्लूच होतं' एवढंच लिहिलंय. त्याचं नाव मी शोधलं नाही.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलार्ड 1978 पासून हेच करत आले. तळ्याकाठच्या एका भल्यामोठ्या काचेच्या इमारतीखाली पहाटे जायचं, मेलेले पक्षी गोळा करायचे, नोंदवायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे एका रात्रीत सुमारे हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांना बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू 95 टक्क्यांच्या आसपास घटले. ठिपक्यांनी! हे वाचल्यावर मी वही घेऊन थेट सोसायटीच्या मीटिंगला गेले.

काच विद्रूप दिसेल, असं दोघांनी म्हटलं. एकाने ससाण्याचं एखादं स्टिकर लावू या म्हणून सुचवलं. ते उपयोगी पडत नाही. पक्षी स्टिकर चुकवतो आणि त्याच्या शेजारीच धडकतो. ठिपके दाट हवेत, दोन ठिपक्यांत पाच सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. आणि ते बाहेरच्या बाजूनेच हवेत, कारण आतून लावले तर प्रतिबिंब तसंच राहतं. मग मी वही वाचायला मावशींच्या हातात दिली. त्यांनी अकराही ओळी वाचल्या. त्यानंतर कोणी हरकत घेतली नाही.

रविवारी आठ मुलं, दोन शिड्या, पट्टी आणि पांढरे ऑइल मार्कर. लहान मुलं खालच्या भागात ठिपके काढत होती, मोठ्यांनी शिडी धरली होती. तळमजल्याची काच पुरी व्हायला चार तास लागले. काचेला चिकटून ठेवलेल्या कुंड्याही आम्ही आत सरकवल्या आणि जिन्यातले दिवे आता रात्री बंद असतात.

मावशींच्या कपाटात सध्या झाकणाला भोकं पाडलेला एक खोका असतो. धडकून नुसता बधिर झालेला पक्षी त्यात ठेवायचा, अंधारात, शांत जागी. पाणी पाजायचं नाही, खायला घालायचं नाही, सारखं उघडून बघायचं तर नाहीच. तास-दोन तासांनी खोका बाहेर मोकळ्यावर नेऊन उघडायचा. गेल्या महिन्यात एक सूर्यपक्षी असा उडून गेला. मावशींनी तोही वहीत लिहिलाय, पुढे 'गेला' आणि त्याखाली दोन रेघा.

ठिपके लावलेल्या काचेखाली त्यानंतर एकही नोंद नाही. दुसऱ्या मजल्याच्या काचेखाली मात्र परवाच एक झाली. तिथे आमची शिडी पोहोचत नाही. रंगकाम करणाऱ्यांचा झुला पुढच्या आठवड्यात येतोय. मार्कर मी आणून ठेवलेत.